४०० व्हिडिओ जमले, स्वेटर मात्र अर्धाच

एका वाचक मैत्रिणीचं सविस्तर पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून त्याचा गोषवारा देते.

शाळेत असताना मावशीने तिला विणकाम शिकवलं. मग बरीच वर्षं सुया कपाटातच राहिल्या. तीन वर्षांपूर्वी तिने पुन्हा सुरुवात केली, ती सगळी इंटरनेटच्या भरवशावर. उलट टाका फार हळू पडतो म्हणून गेल्या वर्षी एका व्हिडिओतून तो झटपट घालायची पद्धत उचलली. दोन मफलर झाले, एक टोपी झाली. टोपी गोल सुईवरची, किनार सोडली तर सगळी सुलट, आणि ती अगदी व्हिडिओतल्यासारखी झाली. सपाट, म्हणजे ओळ संपली की काम फिरवून, विणायला घेतलं की मात्र वीण वेगळीच दिसते. एकाआड एक ओळीतले टाके पिळल्यासारखे होतात, कापड आवळून येतं, कडा गुंडाळतात. सध्या स्वतःसाठी स्वेटर घेतला आहे. पॅटर्न एका अमेरिकन साइटवरचा. त्यात ८ नंबरची सुई सांगितली होती आणि मावशीने दिलेल्या जुन्या ८ नंबरच्या सुया घरात होत्याच. ९० टाक्यांची पाठ ५० सेंटिमीटर रुंद यायला हवी होती, ती ४३ भरली. फोनमध्ये विणकामाचे ४०० व्हिडिओ साठवलेले आहेत. तिचे प्रश्न असे : सगळ्यात चांगली वेबसाइट किंवा चॅनल कोणतं? पैसे भरून कोर्स करावा का? की आपला हातच घट्ट आहे, तेव्हा मफलरवर समाधान मानावं? मावशीला विचारायचा संकोच वाटतो. तिची पद्धत जुनी झाली असं वाटून दुसरीकडे शिकत बसले, आता कोणत्या तोंडाने विचारू, असं तिने लिहिलं आहे.

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की समोर बसून तुमच्या हातातलं विणकाम पाहायला मिळायला हवं होतं. पण तुम्ही इतकं बारकाईने लिहिलंय की पुष्कळसं न पाहताही कळतंय. ज्या बाईला एकाआड एक ओळ पिळलेली दिसते, तिची नजर चांगली आहे. पुष्कळ जणींना वर्षानुवर्षं विणूनही ते दिसत नाही.

तुमचा पहिला प्रश्न सगळ्यात चांगल्या साइटचा आहे. काही नावं मी पुढे देणारच आहे. पण त्या प्रश्नाच्या मागे तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात, तिच्याबद्दल आधी बोलायला हवं. तुम्हाला वाटतंय की चांगलं शिकवणारं कोणी अजून सापडलेलं नाही, ते सापडलं की हात सुधारेल. मला उलटं दिसतंय. मावशी चांगलीच शिकवत होती. झटपट उलट टाका दाखवणारी बाईही बरोबर शिकवत होती. अमेरिकन पॅटर्नमध्येही बहुतेक काही चूक नसावी. तुमच्या सुयांवर या तीन बरोबर गोष्टी एकत्र आल्या आणि त्यांचं एकमेकींशी जमलं नाही.

आधी पिळलेल्या टाक्यांचं बघू. आत्ता हातातलं विणकाम घ्या आणि डाव्या सुईवरचे टाके जवळून पाहा. प्रत्येक टाका घोड्यावर मांड टाकून बसल्यासारखा सुईवर बसलेला असतो, एक पाय सुईच्या पुढे आणि एक मागे. नेहमीच्या पद्धतीत सुईच्या टोकाकडचा पाय पुढे असतो. मावशीने शिकवलेल्या सुलट टाक्यात आपण पुढच्या पायात सुई घालतो, टाका उघडतो आणि खाली नीट इंग्रजी व्ही दिसतो.

आता तो झटपट उलट टाका. तुम्ही लिहिलंय की त्यात लोकर डाव्या हातात धरतात आणि सुईच्या टोकाने खालून वर उचलतात. मावशीच्या पद्धतीत लोकर सुईच्या वरून जाऊन खाली येते. एवढ्याशा फरकाने टाका सुईवर उलटा बसतो, म्हणजे टोकाकडचा पाय मागे जातो आणि दुसरा पुढे येतो. पुढच्या ओळीत तुम्ही मावशीच्या सवयीने पुढच्या पायात सुई घालता आणि टाका पिळला जातो. व्हीचे दोन्ही पाय खाली एकमेकांवरून जातात. पिळलेला टाका आवळ असतो, ताणला जात नाही, म्हणून कापडही आवळून येतं. सुलट ओळीत घातलेले टाके नीटच बसतात, म्हणून पीळ एकाआड एक ओळीतच दिसतो. टोपी गोल विणताना काम फिरवावंच लागत नाही, त्यामुळे उलट ओळ येतच नाही, म्हणून ती सुंदर झाली. टोपीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, पण मला उत्तर तिथेच सापडलं.

यातली गंमत अशी की ती झटपट पद्धत चुकीची मुळीच नाही. इंग्रजीत तिला काँबिनेशन निटिंग म्हणतात आणि तसं विणणाऱ्या बायका उलट टाका असा घातला की पुढच्या ओळीत सुलट टाका मागच्या पायातून घेतात. त्यांचं कापड सपाट आणि सुरेख येतं. तुम्ही त्या पद्धतीचा अर्धाच भाग उचललात, कारण त्या व्हिडिओत तेवढाच होता. व्हिडिओ उलट टाक्यावर होता, मग पुढच्या सुलट ओळीत काय करायचं ते त्यात कशाला येईल!

तुमच्यापुढे आता दोन रस्ते आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. लोकर वरून खाली नेऊन मावशीचा उलट टाका पुन्हा सुरू करायचा, किंवा झटपट टाकाच ठेवायचा आणि सुलट ओळीत मागच्या पायात सुई घालायची. दोन्हींना लागू पडणारा एक नियम सांगते, तो लक्षात ठेवा : सुईच्या टोकाजवळचा पाय पुढे असो की मागे, सुई त्याच्यात घालायची. असं केलंत तर टाका पिळणार नाही. दुसरा रस्ता धरलात तर टाके कमी करताना थोडं अवधान ठेवावं लागेल. पॅटर्नमधला उजवीकडे कलणारा जोडटाका आणि डावीकडे कलणारा जोडटाका घालायची रीत तुमच्यासाठी बदलेल. म्हणून पहिल्या स्वेटरला मी मावशीचाच उलट टाका सुचवीन. हळू पडला तरी चालेल, महिनाभरात हाताला वळण लागतं.

दुसरी गोष्ट सुयांची. तुमचे ७ सेंटिमीटर बहुतेक इथेच गेले आहेत. सुयांचे नंबर जगभर एकच आहेत असं आपण समजतो. तसं नाही. अमेरिकन मोजणीत नंबर वाढला की सुई जाड होते, जुन्या ब्रिटिश मोजणीत नंबर वाढला की बारीक होते. अमेरिकन ८ म्हणजे ५ मिलिमीटर, आणि जुनी ब्रिटिश ८ म्हणजे ४ मिलिमीटर. ६ नंबरला हेच बरोबर उलटं होतं, अमेरिकन ६ म्हणजे ४ आणि ब्रिटिश ६ म्हणजे ५. दोन्ही मोजण्या फक्त ७ नंबरला एकत्र येतात, दोन्हीकडे साडेचार मिलिमीटर. मावशीच्या सुया जुन्या आहेत असं तुम्ही म्हणता, म्हणून मला दाट संशय आहे की त्या ब्रिटिश मोजणीच्या आहेत.

खात्री करून घ्या. सुया मोजायची भोकांची पट्टी नसेल तर पातळ कागदाची अरुंद पट्टी सुईभोवती घट्ट एकदा गुंडाळा, टोक जिथे पुन्हा भेटतं तिथे पेन्सिलीने खूण करा आणि उलगडून मोजा. साधारण साडेबारा मिलिमीटर आलं तर सुई ४ ची, पावणेसोळाच्या आसपास आलं तर ५ ची. मग पॅटर्न पुन्हा उघडा. ८ च्या शेजारीच कुठेतरी ५ मिलिमीटर लिहिलेलं सापडण्याची शक्यता मोठी आहे. इथून पुढे नंबर वाचायचेच नाहीत, फक्त मिलिमीटर वाचायचे.

आता हात घट्ट असल्याबद्दल. ९० टाके ५० सेंटिमीटरमध्ये म्हणजे १० सेंटिमीटरला १८ टाके. तुमची पाठ ४३ भरली, म्हणजे १० सेंटिमीटरला जवळजवळ २१ पडले. बारीक सुई, वर पिळलेले टाके, तरी फक्त तीन टाक्यांचा फरक. हा हात घट्ट नाही. तुम्ही स्वतःला तीन वर्षं दोष देत आलात तो मनातून काढून टाका, खरंच.

पण एक चूक तुमची आहे आणि ती मी सांगणार. नमुन्याचा चौकोन तुम्ही विणला नाहीत. पत्रात कुठेच त्याचा उल्लेख नाही. तो विणला असता तर दोन्ही गोष्टी एका संध्याकाळी समोर आल्या असत्या. चौकोन निदान १५ सेंटिमीटरचा विणायचा, स्वेटर जसा धुणार तसाच धुवायचा, सपाट वाळवायचा आणि मधले १० सेंटिमीटर मोजायचे, कडेचे टाके धरायचे नाहीत. स्वेटर सपाट विणणार असाल तर चौकोन सपाट, गोल विणणार असाल तर चौकोनही गोल. पुष्कळ जणींचा उलट टाका सुलटपेक्षा सैल किंवा घट्ट पडतो, त्यामुळे दोन्हींचं माप एक येत नाही.

कडा गुंडाळण्याबद्दल काळजी करू नका. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी वीण गुंडाळतेच, जगातल्या कुणाच्याही हातची. वरची-खालची कड पुढे वळते, बाजूच्या कडा मागे वळतात. म्हणून स्वेटरला खाली एक टाका सुलट, एक टाका उलट अशी पट्टी असते. शिवण घातली की बाजूच्या कडा आपोआप आत जातात.

आता साइट आणि चॅनल. मी ती प्रश्नांप्रमाणे वाटते, कारण एकाच ठिकाणी सगळं मिळावं असं म्हटलं की मग ४०० व्हिडिओ साठतात.

पहिला स्वेटर पूर्ण करायचा असेल तर टिन कॅन निट्स या साइटवरचा सिंपल कलेक्शन हा संच मी सगळ्यात आधी सुचवीन. मफलर, टोपी, मोजे, स्वेटर असे त्यातले पॅटर्न विनामूल्य आहेत, प्रत्येकात नवीन थोडंच शिकायचं असतं आणि ते कसं करायचं याचे फोटोंसह वेगळे धडे दिले आहेत. त्यातला फ्लॅक्स नावाचा स्वेटर गळ्यापासून खाली गोल विणत जायचा आहे, बाळापासून मोठ्या माणसापर्यंतच्या मापांत. शिवण नाही, अंगात घालून पाहता येतो, आणि बराचसा भाग सुलट टाक्यांचा असल्यामुळे तुमचा उलट टाक्याचा प्रश्नही हलका होतो. बाहीवर खालपर्यंत उलट-सुलटची एक साधी पट्टी आहे, ती पाहायलाही छान दिसते.

एखादा टाका कसा घालायचा एवढंच पाहायचं असेल तर व्हिडिओ. पर्ल सोहो या साइटवरचे धडे स्वच्छ आहेत. वेरी पिंक निट्स आणि निंबल नीडल्स ही दोन चॅनल मला विश्वासाची वाटतात. निंबल नीडल्सवर एकाच कामाच्या चार पद्धती शेजारी ठेवून कोणती कुठे वापरायची ते सांगतात, ते मला फार आवडतं. इंग्रजी भराभर कळत नसेल तर नॉर्वेच्या ड्रॉप्स डिझाइनच्या साइटवर जा. तिथले पुष्कळसे व्हिडिओ न बोलता नुसते हात दाखवतात, पॅटर्न हजारोंनी आहेत, विनामूल्य आहेत आणि सुया मिलिमीटरमध्ये दिलेल्या असतात. पॅटर्नची भाषा मात्र फार आटोपशीर असते, तीन ओळींत अख्खी बाही उरकतात, म्हणून पहिला स्वेटर तिथला नको.

शिक्षक निवडताना मी तीन गोष्टी पाहते. लोकर माझ्यासारखीच उजव्या किंवा डाव्या हातात धरतात का, दोन्ही हात जवळून दिसतात का, आणि चुकलेला टाका कसा दिसतो ते दाखवतात का. तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात कमी ठिकाणी मिळते. असा एक शिक्षक मिळाला की एक वस्तू पूर्ण होईपर्यंत दुसरा पाहायचा नाही. दुसरे वाईट असतात म्हणून नव्हे. तुमच्या बाबतीत काय झालं ते आपण आत्ता पाहिलंच.

पॅटर्न विणायला घेण्याआधी तो कितपत बरा आहे हे पाहायला रॅव्हलरी ही विणणाऱ्यांची साइट. २००७ पासून चालू आहे, नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. बहुतेक जणी तिथून पॅटर्न शोधतात आणि निघून येतात, खरा खजिना त्याच पानावर प्रोजेक्टच्या खणात असतो. तोच स्वेटर इतरांनी कोणत्या लोकरीत, कोणत्या सुईवर विणला, कुठे अडल्या, काय बदललं, हे त्यांनी स्वतःच लिहिलेलं असतं. मी सुया हातात घेण्याआधी निदान पंधरा जणींचे अनुभव वाचते. पाच जणींनी बाही लांब होते असं लिहिलं असेल तर ती लांब होणारच. फोटोही साध्या माणसांचे असतात, त्यामुळे आपल्या अंगावर ते कसं दिसेल याचा अंदाज येतो.

हे अशासाठीही सांगते की हल्ली एआयने बनवलेली विणकामाची चित्रं आणि त्यांच्या नावाने विकले जाणारे पॅटर्न फार झाले आहेत. चित्र देखणं असतं, पण त्यातली वीण नीट पाहिली तर टाक्यांच्या ओळी मध्येच विरघळतात, केबल, म्हणजे वेणीसारखी वीण, कुठूनही सुरू होते आणि कुठेही संपते. ज्या पॅटर्नमध्ये १० सेंटिमीटरला किती टाके ते दिलेलं नाही, लोकर किती मीटर लागेल ते नाही, फोटो एकच आहे आणि कुणी विणून पूर्ण केल्याचं कुठेच दिसत नाही, तो घेऊ नका. दुसऱ्या टोकाला, विकतचे पॅटर्न फुकट वाटणारे गट असतात. त्यांच्यापासूनही लांब राहा. एक पॅटर्न वेगवेगळ्या मापांत बसवून, विणून, तपासून घ्यायला डिझाइनर महिनोन्महिने घालवतात, आणि मनापासून विनामूल्य दिलेले इतके पॅटर्न असताना चोरलेला घेण्याचं काही कारण नाही.

असं का होतं, हा प्रश्न पडला की टेकनिटिंग हा ब्लॉग उघडा. व्हिडिओ नाही, लिखाण आणि रंगीत आकृत्या. लोकर कापडातून कुठून कुठे जाते ते त्यात इतकं स्पष्ट दाखवलंय की सुटलेला टाका उचलणं, कडा सरळ ठेवणं या गोष्टी एकदा समजल्या की विसरत नाहीत. वाचायला वेळ लागतो, लागू द्या. लोकरीची जाडी समजून घ्यायला क्राफ्ट यार्न काउन्सिलचा ० ते ७ असा तक्ता आहे, ० सगळ्यात बारीक आणि ७ सगळ्यात जाड. तुमच्या पॅटर्नचे १८ टाके म्हणजे ४ नंबरची लोकर. तुमच्या गुंड्याच्या वेष्टनावर काय लिहिलंय ते एकदा पाहा.

शोधण्याबद्दल एक गोष्ट माझ्या अनुभवातली. काही वर्षांपूर्वी भाचीसाठी स्वेटर विणला आणि गळ्याचे टाके असे आवळून बंद केले की तिचं डोकंच आत जाईना. ती रडायला लागली, मलाही रडू आलं. रात्रभर मी गळा घट्ट, गळा लहान असं काहीबाही शोधत राहिले आणि शेकडो स्वेटरचे फोटो पाहत बसले. दुसऱ्या दिवशी एका विणणाऱ्या मैत्रिणीने एकच शब्द सांगितला, स्ट्रेची बाइंड ऑफ, म्हणजे ताणले जातील असे टाके बंद करणं. पाच मिनिटांत निटी या ऑनलाइन मासिकातली २००९ मधली पद्धत सापडली. प्रत्येक टाक्याआधी लोकरीचा एक वेढा घ्यायचा आणि तो टाक्यावरून उतरवायचा, बस. गळा उसवून पुन्हा बंद केला, संध्याकाळी स्वेटर भाचीच्या अंगात होता.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. डाव्या बाजूला आपला शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी. सुलट म्हणजे निट, उलट म्हणजे पर्ल, टाके घालणं म्हणजे कास्ट ऑन, बंद करणं म्हणजे अमेरिकेत बाइंड ऑफ आणि ब्रिटनमध्ये कास्ट ऑफ. १० सेंटिमीटरला किती टाके पडतात त्या मापाला अमेरिकन गेज म्हणतात आणि ब्रिटिश टेन्शन म्हणतात. ब्रिटिशांची मॉस स्टिच ती अमेरिकनांची सीड स्टिच, आणि अमेरिकनांची मॉस स्टिच ही तिसरीच वीण. असे वीस-पंचवीस शब्द झाले की बहुतेक पॅटर्न वाचता येतात. तुमच्या वहीत पहिला शब्द ट्विस्टेड स्टिच लिहा. तो टाकून शोधलंत तर मी वर जे सांगितलं ते सगळं चित्रांसह दिसेल.

कोर्सबद्दल. पैसे भरून रेकॉर्ड केलेला कोर्स घेतलात तर शिस्त येते, क्रम मिळतो, आणि पैसे दिलेत म्हणून तुम्ही पूर्ण कराल हेही खरं आहे. पण त्याला तुमचे हात दिसत नाहीत. तुमचा पिळलेला टाका कोणत्याही रेकॉर्ड केलेल्या कोर्सने पकडला नसता. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर जिथे शिकवणारी व्यक्ती समोरासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर तुमचे हात पाहील, अशा तासाभराच्या शिकवणीवर करा. रेकॉर्ड केलेला घेतलात तर धडे डाउनलोड करून ठेवता येतात का ते आधी विचारा.

त्याआधी एक बिनखर्चाचा उपाय करून पाहा. फोन पुस्तकांच्या चळतीवर उभा करा, कॅमेरा हातांवर येऊ द्या आणि दोन ओळी विणा, एक सुलट एक उलट. मग ते निम्म्या वेगाने पाहा आणि शेजारी तुमच्या शिक्षकाचा व्हिडिओही निम्म्या वेगाने लावा. लोकर सुईच्या वरून गेली की खालून, एवढंच पाहायचं. विणताना जे आपल्याला कधीच कळत नाही ते पाहताना पहिल्या मिनिटात दिसतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा प्रत्येक ओळीचा पहिला टाका मी किती ओढते ते मला दिसलं.

मफलरवर समाधान मानायचं का? मफलर आवडत असतील तर जन्मभर विणा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण तुम्ही स्वेटर अर्धा सोडून मला एवढं मोठं पत्र लिहिलंत, त्यावरून मफलर तुम्हाला पुरणार नाहीत असं दिसतं.

आणि मावशी. तुम्हाला वाटतंय तिची पद्धत जुनी. टाका पाहून तो कसा बसलाय हे सांगण्यात जुनं-नवं काही नसतं. ज्या बाईने पॅटर्नशिवाय, नुसतं अंगाला लावून स्वेटर विणले, तिला पिळलेली ओळ हातभर अंतरावरून दिसेल. तुम्ही दुसरीकडे शिकलात याचं तिला वाईट वाटेल की तुम्ही पुन्हा सुया हातात घेतल्यात याचा आनंद होईल, हे तुम्हीच तिला माझ्यापेक्षा चांगलं ओळखता. मला आपलं वाटतं, तिच्या सुया तुम्ही अजून वापरता हे ऐकून ती फोन ठेवणारच नाही. तिला व्हिडिओ कॉल करा, तुमचे ते चारशे व्हिडिओ राहू देत बाजूला. झटपट उलट टाकाही तिला दाखवा, तिला तो आवडू शकेल.

ती ४३ सेंटिमीटरची पाठ मात्र तिला दाखवेपर्यंत उसवू नका. दाखवून झाली की उसवा. लोकर लगेच गुंड्यात गुंडाळू नका, ती कुरळी झालेली असेल आणि तशीच विणली तर टाके वेडेवाकडे पडतील. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल दोरा बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि टांगून वाळवा. कुरळेपणा जाईल. मग ५ मिलिमीटरच्या सुईवर ३० टाके घाला आणि चौकोन विणायला घ्या. पहिली उलट ओळ संपली की थांबा, काम फिरवा आणि टोकाजवळचा पाय पुढे आहे ना ते पाहा.